वाचकांचे प्रश्न : गाडीला बाहेरचा इंजिन कंट्रोलर बसवताना

मूळ ईसीएम (इंजिनाचं पेट्रोल आणि ठिणगी ठरवणारा कॉम्प्युटर) काढून दुसरा प्रोग्राम करता येणारा कंट्रोलर बसवण्याबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याने दिलेल्या मूळ नोंदींशी न जुळणारे फेरफार चालू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्यामुळे खालची उत्तरं ट्रॅकवर, ऑटोक्रॉसमध्ये किंवा खाजगी जागेत चालणाऱ्या गाडीसाठी आहेत.

प्रश्न : माझी जिप्सी एमपीएफआय, १.३ लिटर, १६ व्हॉल्व्हची आहे. मूळ ईसीएम व्यवस्थित चालतो, पण कॅमशाफ्ट बदलायचा आहे. स्पीडुइनो बोर्ड आणलाय. सुरुवात कुठून करू? — एक वाचक, कोल्हापूर

सुरुवात जुना ईसीएम गाडीत असतानाच करा. तो एकदा निघाला की चालू इंजिनाचे आकडे मिळायचे नाहीत. टायमिंग लाइट लावून आयडल, १५००, २५०० आणि ३५०० आरपीएमला किती अंश आगाऊ ठिणगी पडते ते लिहून ठेवा. गरम इंजिनाचं आयडल व्हॅक्यूम, फ्युएल प्रेशर, थ्रॉटल सेन्सरचे बंद आणि पूर्ण उघडे व्होल्ट हेही त्याच कागदावर घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. पुढे प्रत्येक शंकेला हाच कागद कामी येतो.

स्पीडुइनो म्हणजे आर्डुइनो मेगा २५६० या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डवर बसणारा कंट्रोलरचा बोर्ड. तो पाणी आणि उष्णता सहन करत नाही, तेव्हा केबिनमध्ये, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे बसवा. मॅप सेन्सर (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) बोर्डवरच असतो, म्हणून मॅनिफोल्डपासून आतपर्यंत व्हॅक्यूमची कडक नळी आणावी लागते. मऊ नळी गरम झाली की आत चेपते आणि रीडिंग आळसावतं.

वायरिंगचा मुख्य मुद्दा अर्थिंगचा आहे. कंट्रोलरच्या सगळ्या पॉवर अर्थ वायरी एकाच ठिकाणी, इंजिन ब्लॉकवर, रंग खरवडून बोल्टने घट्ट करा. एक बॉडीला, एक डॅशबोर्डच्या पट्टीला, एक ब्लॉकला असं वाटून देऊ नका. सेन्सरांची अर्थ मात्र वेगळी. कूलंट, इनटेक हवा आणि थ्रॉटल या तिघांची अर्थ थेट कंट्रोलरच्या सेन्सर-अर्थ पिनलाच जाते, वाटेत बॉडीला कुठेही टेकत नाही. ती टेकली की पंखा चालू होताच कूलंटचं तापमान लॅपटॉपवर पाच-सहा अंशांनी उडी मारतं, आणि माणूस सेन्सर बदलत बसतो.

पॉवरला एक मेन रिले, एक पंपाचा रिले. कंट्रोलर, इंजेक्टर, कॉइल आणि पंप यांना वेगवेगळे फ्युज. लॅम्बडा, म्हणजे एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरलाही स्वतंत्र. रिलेच्या कॉइलवर डायोड असलेले रिले मिळाले तर तेच घ्या, फक्त मग ८५-८६ ची दिशा उलटी करू नका. वायर जोडताना पिळून टेप गुंडाळणं नको. क्रिम्प करा आणि त्यावर हीट श्रिंक चढवा.

या बोर्डचे इंजेक्टर ड्रायव्हर जास्त रेझिस्टन्सच्या, म्हणजे १२ ते १६ ओमच्या इंजेक्टरसाठी आहेत. दोन-तीन ओमचे इंजेक्टर थेट जोडले तर ड्रायव्हर जातो. इग्निशनच्या पिना फक्त सिग्नल देतात. त्यांनी साधी कॉइल चालत नाही, मध्ये इग्नायटर, म्हणजे कॉइलचा करंट चालू-बंद करणारा भाग, हवा, नाहीतर इग्नायटर आत असलेली कॉइल हवी.

प्रश्न : चावी ऑन, इंजिन बंद, तरी लॅपटॉप मॅप ९५ किलोपास्कल दाखवतो. १०० हवा ना? सेन्सर खराब आहे का? — पुणे

सेन्सर ठीक आहे. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब ९५ च्या आसपासच असतो. मुंबईत तोच सेन्सर १०१ च्या जवळ दाखवील, महाबळेश्वरला ८६. पुण्यात १०१ दिसला असता तर कॅलिब्रेशन तपासायला सांगितलं असतं.

याच नियमाने कूलंट सेन्सर तपासताना उकळतं पाणी १०० अंश धरू नका. पुण्यात ते ९८ ला उकळतं. सेन्सर काढून आधी बर्फ वितळत असलेल्या पाण्यात, मग खोलीच्या तापमानाच्या पाण्यात, मग उकळत्या पाण्यात धरा, तिन्ही ठिकाणी रेझिस्टन्स मोजा आणि तेच तीन आकडे सॉफ्टवेअरला द्या. यादीतून 'जीएम' निवडून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. मारुतीत वापरले जाणारे सेन्सर २० अंशांना साधारण अडीच किलोओमचे, जीएमचा त्याच तापमानाला साडेतीन किलोओमचा. यादीतला चुकीचा सेन्सर निवडला तर इंजिन खरं गरम असो वा गार, कंट्रोलर भलतंच समजून पेट्रोल ओततो.

प्रश्न : ३६ वजा १ दातांचं (एक दात नसलेलं) चाक क्रँक पुलीवर बसवलं, व्हीआर सेन्सर लावला. सेल्फ मारला की इनटेकमधून फटाके येतात. कधी सुरू होते, पण ४००० च्या वर 'सिंक लॉस' दाखवून झटके देते. मॅप तीनदा बदलून पाहिला. — नाशिक

मॅपला (इथे पेट्रोल-टायमिंगचा तक्ता, दाबाचा मॅप सेन्सर वेगळा) अजून हात लावायचीच वेळ आलेली नाही. फटाके आणि सिंक लॉस (दात मोजणाऱ्या व्हीआर सेन्सरवरून क्रँकची जागा कंट्रोलरला न ओळखता येणं) ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकेक घेऊ.

आधी एक नंबर पिस्टनचा खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा, शोधा. जुन्या पुलीत मध्ये रबर असतं आणि बाहेरची कडी वर्षानुवर्षांत सरकलेली असू शकते, त्यामुळे छापील खुणेवर डोळे झाकून विश्वास नको. बॅटरीची निगेटिव्ह काढा, चारही प्लग काढा. एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप बसवा. जुन्या प्लगचं पोर्सिलीन काढून त्यात गोल डोक्याचा बोल्ट बसवला तरी चालतो. पाना लावून क्रँक हाताने हळूच फिरवा, पिस्टन टेकला की पुलीवर खूण करा. मग उलट दिशेने फिरवा, पुन्हा टेकला की दुसरी खूण. दोन्हींच्या बरोबर मध्यावर खरा टीडीसी. स्टॉप काढायला विसरू नका, आणि तो आत असताना सेल्फ तर मुळीच मारू नका.

आता सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर लॉक करा. इंजेक्टरचे कनेक्टर काढा, पंपाचा फ्युज काढा. प्लग भोकाबाहेरच, पण वायरीला जोडून त्यांचं लोखंड ब्लॉकला बांधा. वायर मोकळी ठेवून ठिणगी पाडली तर कॉइल किंवा इग्नायटर जातो. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलेलं असेल तर आधी ते उडून जाऊ द्या, भोकांसमोर ठिणगी आणि पेट्रोलची वाफ एकत्र नको. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि लाइट खुणेवर मारा. १० च्या जागी जे दिसेल तितका फरक ट्रिगर अँगलमध्ये (टीडीसी आणि दात नसलेली जागा यांतलं अंतर, अंशांत) घाला किंवा काढा. इथे एक फसगत आहे : वेस्टेड स्पार्कमध्ये, म्हणजे दोन प्लगना मिळून एक कॉइल असते तिथे, प्लग प्रत्येक फेरीला पेटतो, त्यामुळे डायलवर अंश फिरवायचे लाइट चुकीचं दाखवतात. डायल शून्यावर ठेवा आणि पुलीवरच्या खुणाच वाचा.

लाइट खुणेच्या जवळपासही दिसत नसेल, बरोबर अर्ध्या फेरीचा फरक असेल, तर कॉइलच्या जोड्या उलट झाल्यात. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणून १ आणि ४ ची एक कॉइल, २ आणि ३ ची दुसरी. तुमच्या फटाक्यांचं कारण बहुधा हेच, नाहीतर ट्रिगर अँगल.

आता ४००० वरचा सिंक लॉस. ट्यूनरस्टुडिओ या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्ये टूथ लॉगर उघडा आणि सेल्फ मारून पाहा. प्रत्येक दाताची एक पट्टी दिसते, सगळ्या जवळजवळ सारख्या उंचीच्या. जिथे दात नाही तिथे एकच पट्टी, इतरांच्या बरोबर दुप्पट उंच. ही एकच उंच पट्टी हवी. तिच्याऐवजी शेजारी शेजारी दोन मध्यम उंच पट्ट्या, साधारण दीडपट, दिसल्या तर व्हीआर सेन्सरच्या दोन वायरी उलट आहेत. सेल्फवर असा सेन्सर कसाबसा चालतो, वेग वाढला की कंट्रोलरला दात नसलेली जागा सापडत नाही. दोन वायरींची अदलाबदल हाच उपाय.

पट्ट्या बरोबर असतील तर पुढे गॅप बघा. सेन्सर आणि दातामधलं अंतर ०.७ ते १ मिलिमीटर, आणि चाक फिरवताना ते सगळीकडे सारखं. डायल गेजवर पाव मिलिमीटरपेक्षा जास्त डगडग असेल तर चाक लेथवर पुन्हा सरळ करून घ्या. सेन्सरची वायर शील्ड असलेलीच हवी. शील्ड फक्त कंट्रोलरच्या टोकाला अर्थ करा, दुसरं टोक मोकळं सोडा. ती प्लगच्या वायरींच्या जोडीने बांधली असेल तर लांब न्या. प्लग 'आर' अक्षराचे, म्हणजे आत रेझिस्टर असलेले आहेत का तेही पाहा. वेग वाढल्यावर व्हीआरचे व्होल्टही वाढतात, ते कंडिशनरला (सेन्सरचा सिग्नल साफ करणाऱ्या सर्किटला) जास्त होत असतील तर सिग्नल वायरीत १० किलोओमचा रेझिस्टर टाकून बघता येतो. पण वायरी आणि गॅप नीट केल्याशिवाय रेझिस्टर टाकणं म्हणजे ताप मोजायच्या आधीच गोळी.

चाक पुढच्या वेळी खोललं तर दात नसलेली जागा टीडीसीच्या आसपास सेन्सरसमोर येणार नाही अशी बसवा. कॉम्प्रेशनवर क्रँक तिथे मंदावतो आणि मंद फिरलेला साधा दातही कंट्रोलरला मोठ्या फटीसारखा वाटतो. चार सिलिंडरला ९० अंश आधी ही चांगली जागा.

शेवटची परीक्षा : गाडी सुरू झाल्यावर टायमिंग १० वर लॉकच ठेवा, ३००० पर्यंत रेस द्या आणि लाइट धरा. खूण हलता कामा नये. ३००० ला क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. १० च्या जागी ७ दिसले तर सिग्नल सुमारे १७० मायक्रोसेकंद उशिरा पोचतोय. ही लेटन्सी सेटिंगमध्ये भरून काढता येते. खूण मागेपुढे नाचत असेल तर मात्र सेटिंग नव्हे, सिग्नल नासलेला आहे.

प्रश्न : चावी ऑन करून पाच मिनिटं लॅपटॉपवर सेटिंग करत होतो. कॉइल इतकी तापली की हात लागेना, वास आला. — पिंपरी

ठिणगीच्या सिग्नलची दिशा उलटी आहे. इंजिन थांबलेलं असताना पिन ज्या स्थितीत राहते ती तुमच्या इग्नायटरच्या मते 'चार्ज करत राहा' अशी आहे. कॉइलला एरवी ठिणगीमागे तीनेक मिलिसेकंद चार्ज मिळतो, तुमच्या कॉइलला पाच मिनिटं मिळाला. स्पीडुइनोत बहुतेक जोडण्यांना 'गोइंग लो' (सिग्नल खाली जाताना ठिणगी) लागतं. मेगास्क्वर्ट या दुसऱ्या कंट्रोलरमध्ये याच शब्दांचा अर्थ बोर्डच्या जोडणीनुसार उलटा होऊ शकतो, तेव्हा एका कंट्रोलरची फाइल बघून दुसऱ्याची सेटिंग करू नका.

नवी कॉइल लावण्याआधी तिच्या कनेक्टरवर एक एलईडी आणि १ किलोओमचा रेझिस्टर जोडा. चावी ऑन केल्यावर एलईडी विझलेला हवा आणि सेल्फ मारताना लुकलुकायला हवा. उलटं दिसलं तर थांबा. आणि लॅपटॉपवर बसायचं असेल तेव्हा कॉइलचा फ्युज काढून ठेवायची सवय लावून घ्या.

प्रश्न : इंजेक्टर किती सीसीचे घेऊ? आणि ई-२० पेट्रोलमुळे मॅप बदलतो का? — ठाणे

तुमचं इंजिनही १.३ लिटरचं आहे असं गृहीत धरतो. १२९८ सीसीचे चार भाग केले की एका सिलिंडरला सुमारे ३२५ सीसी हवा, वजनाने साधारण ०.३९ ग्रॅम. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, त्याने भागलं की २६ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३५ सीसी. मिनिटाला २०० सीसी देणाऱ्या इंजेक्टरला त्यासाठी १०.६ मिलिसेकंद लागतात. हाच आकडा 'रिक्वायर्ड फ्युएल' म्हणून भरायचा.

६००० आरपीएमला चार स्ट्रोकचं पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत संपतं. पूर्ण लोडवर मिश्रण १२.७ पर्यंत रिच (पेट्रोल जास्त) केलं आणि उघडायला लागणारा एक मिलिसेकंद धरला तरी २०० सीसीचा इंजेक्टर १३.३ मिलिसेकंद उघडा राहतो, म्हणजे ६६ टक्के. १५० सीसीचा असेल तर ८७ टक्के. तो कडेच्या पुढे गेला, ८५ च्या वर नेऊ नये. मग ४५० चेच का घेऊ नयेत? घेता येतात, पण आयडलला ते इतका कमी वेळ उघडतात की उघडझाकीतली चूक पेट्रोलच्या मात्रेइतकी होते आणि गाडी सिग्नलला डुलत उभी राहते.

उघडायचा वेळ बॅटरीच्या व्होल्टवर अवलंबून असतो. १४ व्होल्टला एक मिलिसेकंद असेल तर १० व्होल्टला तो दीडच्या पुढे जातो. व्होल्टेज करेक्शनचा तक्ता शून्य ठेवला की हेडलाइट लावल्यावर आयडल बिघडतं.

ई-२० चं (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) म्हणाल तर हो, फरक पडतो. त्याला हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ नव्हे, साडेतेराच्या आसपास लागतं, म्हणजे पेट्रोल सात-आठ टक्के जास्त, वरचा १०.६ चा आकडा ११.४ च्या जवळ जातो. यावर सोपा उपाय म्हणजे एएफआर (हवा-पेट्रोलचं हेच प्रमाण) सोडून लॅम्बडा वापरा. पेट्रोल कुठलंही असो, पूर्ण ज्वलन म्हणजे लॅम्बडा १. मीटरवर १४.७ दिसलं तरी ते १४.७ पट हवा आहे असा त्याचा अर्थ नव्हे. सेन्सर लॅम्बडाच मोजतो आणि मीटर त्याला १४.७ ने गुणून दाखवतं.

प्रश्न : सेल्फ मारला की लॅपटॉपचं कनेक्शन तुटतं, कंट्रोलर रिसेट होतो. — म्हापसा, गोवा

तुम्ही चावीच्या स्विचमधून अशी वायर घेतली असणार जी सेल्फच्या वेळी बंद होते. रेडिओची वायर तशीच असते. मल्टिमीटर लावून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. १२ वरून थेट शून्य झालं तर वायर बदला. ९-१० वर टिकून राहिलं आणि तरी रिसेट होतोय तर बॅटरी निगेटिव्ह ते ब्लॉक मोजा. सेल्फ मारताना ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची जाड केबल किंवा तिचं गंजलेलं टोक बदला. किनाऱ्यावरच्या गाड्यांत ते टोकच असतं बहुधा. लॅपटॉप चार्जरला लावलेला असेल तर काढून बॅटरीवर चालवा, चार्जरचा आवाजही यूएसबीतून घुसतो.

प्रश्न : वाइडबँड (लॅम्बडा सेन्सर) बसवला. आयडलला नेहमी लीन (पेट्रोल कमी) दाखवतो. ऑटोट्यून (सेन्सर बघून पेट्रोलचा तक्ता आपोआप बदलणारी सोय) लावला तर आयडलचे आकडे वाढतच जातात, प्लग काळे होतात. — सांगली

प्लग खरं बोलतायत. लीन दाखवणारा सेन्सर आणि काळे प्लग, म्हणजे सेन्सरपर्यंत बाहेरची हवा पोचते आहे किंवा एखादा सिलिंडर पेटतच नाही. न पेटलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन जसाच्या तसा बाहेर येतो आणि सेन्सर त्याला लीन म्हणतो. ऑटोट्यून मग आणखी पेट्रोल घालतो, मिसफायर वाढतो, आकडे पुन्हा चढतात. आधी सायलेन्सरच्या तोंडाला जाड ओलं फडकं काही सेकंद धरा आणि मॅनिफोल्डच्या गॅस्केटजवळ कान द्या. फुसफुस ऐकू आली तर गॅस्केट बदला. आयडलला एक्झॉस्टच्या धडधडीत मधेमधे दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि त्याच फटीतून हवा आत ओढली जाते. रेस दिली की हा परिणाम कमी होतो, म्हणून वर सगळं ठीक वाटतं.

दुसरं, मीटर आणि लॅपटॉप यांचे आकडे शेजारी ठेवून पाहा. शून्य ते पाच व्होल्टवर १० ते २० एएफआर असेल तर ०.१ व्होल्टची अर्थची चूक म्हणजे ०.२ एएफआरची चूक. हीटरची अर्थ ब्लॉकवर आणि सिग्नलची अर्थ कंट्रोलरच्या सेन्सर-अर्थवर, अशी वेगळी करा.

सेन्सर बॉश एलएसयू ४.९ असेल तर बंग (सेन्सर बसवायची आट्यांची कडी) एम१८ बाय १.५ चं लागतं. तो आडव्या रेषेपासून निदान १० अंश वर झुकलेला हवा, खाली तोंड करून बसवला की पाणी साचून चिनीमाती तडकते. पॉवर न देता तो गरम एक्झॉस्टमध्ये ठेवू नका, काजळीने मरतो.

ऑटोट्यून लावायचा तर कूलंट ७५ अंशांच्या वर गेल्यावरच, ॲक्सिलरेशन एनरिचमेंट (ॲक्सिलरेटर दाबताच मिळणारं जादा पेट्रोल) बंद ठेवून, आणि थ्रॉटल स्थिर असताना. नंतर तक्ता डोळ्यांनी बघा. शेजारच्या दोन घरांत ६२ आणि ७९ असे आकडे दिसले तर इंजिनाने तसं मागितलेलं नाही, लॉगमध्ये कचरा आहे. एनरिचमेंट सगळ्यात शेवटी जुळवा, आणि गार सुरुवातीचा तक्ता रोज सकाळी एकदाच, कारण गार इंजिन दिवसातून एकदाच मिळतं.

प्रश्न : २०१९ ची हॅचबॅक आहे, तिला असा कंट्रोलर लावता येईल का? — छत्रपती संभाजीनगर

नाही, निदान या मार्गाने नाही. मूळ ईसीएम कॅन वायरींवरून (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणारं जाळं) मीटर, एबीएस, पॉवर स्टिअरिंग, एसी आणि इमोबिलायझरशी बोलत असतो. तो काढला की इंजिन चालेल, बाकी गाडी मुकी होईल.

प्रश्न : टायमिंगचा मॅप रस्त्यावर करू की डायनोवर? नॉकिंग कसं ओळखू? — कोल्हापूर

पेट्रोल ट्रॅकवर जुळवता येतं, टायमिंगसाठी डायनो, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणारं यंत्र, हाच बरा, आणि तोही लोड धरून ठेवणारा. पंपावरचं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं धरा. पूर्ण लोडवर मूळ मॅपपेक्षा ३-४ अंश कमी ठेवून सुरू करा आणि लॅम्बडा ०.८६ ते ०.८८. मग एकेक अंश वाढवा. टॉर्क वाढायचा थांबला की तिथेच थांबा, नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून बसणारे ठोके) येईपर्यंत वाट पाहायची नसते.

ऐकायला साधी युक्ती : तांब्याची नळी घ्या, एक टोक ठोकून चपटं करा, भोक पाडून ब्लॉकच्या बोल्टखाली दाबा. दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावून ती केबिनमध्ये आणा आणि कानावर बसणाऱ्या इअरमफमध्ये घुसवा. ७४ मिलिमीटर बोअरच्या या इंजिनाचं नॉकिंग साडेसात-आठ किलोहर्ट्झच्या आसपास वाजतं. टॅपेटच्या टकटकीपेक्षा बारीक, पत्र्यावर खडे पडल्यासारखं. पहिले दोन खडे ऐकू येताच ॲक्सिलरेटर सोडा आणि त्या घरातले २ अंश काढा. चालवणारा आणि लॅपटॉपवाला ही दोन वेगळी माणसं हवीत.